पहिल्या कॉमिक स्क्रिप्टवर अभिप्राय हवा असेल तर ती वाचायला नको, काढायला द्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. पहिली कॉमिक स्क्रिप्ट दहा जणांना वाचायला पाठवून जे कळत नाही, ते एका माणसाला तिची चित्रं काढायला बसवलं की तासाभरात कळतं. ही पद्धत आठ महिने आठपानी स्क्रिप्टांवर वापरून झाली आहे. खर्च म्हणाल तर स्क्रिप्टमागे चार-पाच ए-फोर कागद, पेन्सिल आणि कात्री. पद्धत कुठे कामाला येते आणि कुठे फसते, ते दोन्ही लिहितो.

वाचून दिलेल्या अभिप्रायाची अडचण अशी की वाचणारा स्क्रिप्ट गोष्ट म्हणून वाचतो. मधल्या गाळलेल्या जागा तो नकळत स्वतःच भरून काढतो. त्यामुळे हातात पडतं ते 'मस्त जमलंय', 'शेवटाला अजून धक्का हवा' आणि भरपूर ऱ्हस्व-दीर्घ. शेअर केलेल्या डॉक्युमेंटवर तर हमखास आधी शुद्धलेखनाच्या खुणा येतात, आणि ज्या चौकटीत, म्हणजे पानावरच्या एका चित्रात, चार क्षण कोंबलेत तिच्यावर एकही खूण नसते. स्क्रिप्टचा खरा वाचक एकच, चित्रकार. तो जिथे अडेल तिथे स्क्रिप्ट अडलेली असते.

तयारी सोपी आहे. ए-फोर कागदाला तीन घड्या घातल्या की आठ खण पडतात, प्रत्येक साधारण ७.४ बाय १०.५ सेंटिमीटरचा. कागद उघडून आडवा अर्ध्यात दुमडायचा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या घडीवर एका खणाएवढी चीर द्यायची. उघडल्यावर ती दोन खणांची होते. मग लांबीला दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की आठ पानांची पुस्तिका तयार. आधी पुस्तिका करायची आणि मगच काढायला द्यायची. सपाट कागदावर काढलं तर निम्मी पानं उलटी येतात.

काढणाऱ्याला सूचना मोजक्याच. काड्यांची माणसं चालतील. एका पानाला पाच मिनिटं. जे लिहिलंय तेवढंच काढायचं. जिथे अडाल तिथे फुली, आणि जिथे मनाने काही घालावं लागलं तिथे गोल. खोडरबर द्यायचा नाही, कारण एकाच चौकटीत माणूस आधी डावीकडे, मग उजवीकडे काढलेला दिसला की तिथे जागेचा गोंधळ आहे हे त्या दोन रेघाच सांगतात. लेखकाने शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. हेच सर्वांत अवघड जातं. 'ही नेमकी कुठे उभी आहे?' असं विचारलं की उत्तर तोंडावर येतं, पण ते दिलं की चाचणी वाया गेली. तो प्रश्न जसाच्या तसा स्क्रिप्टच्या समासात लिहून घ्यायचा. छापलेल्या पानासोबत लेखक कुणाच्या घरी जात नाही.

एक चौकट जवळून बघू:

'पान ३, चौकट २. आजी एसटीतून उतरते, पिशवी सावरते, वळून बघते तर छत्री सीटवरच राहिलेली, आणि कंडक्टर डबल बेल देतो.'

वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, उलट 'डोळ्यांसमोर उभं राहिलं' अशी दाद मिळते. काढणारा मात्र आजीला पायरीवर काढतो आणि थांबतो. आजी बसबाहेर, खिडकी तिच्या डोक्याच्या वर, म्हणजे सीटवरची छत्री खालून दिसणारच नाही. बेल आत वाजते आणि आपण बाहेर उभे आहोत. शिवाय उतरणं, सावरणं, वळणं आणि बेल हे चार वेगवेगळे क्षण, आणि एका चौकटीत माणसाला एकच अंगस्थिती मिळते. तीन अडचणी, तीन फुल्या.

दुरुस्त केल्यावर ती अशी होते. चौकट २, बसच्या आतून: पुढे रिकामी सीट आणि तिच्यावर छत्री, मागे दारातून उतरणाऱ्या आजीची पाठ. चौकट ३: घंटेची दोरी ओढणारा हात, ध्वनी 'टिंग टिंग'. चौकट ४, बाहेरून: निघालेली बस, रस्त्यावर पाठमोरी आजी, पावसाचे पहिले थेंब. संवाद एकही नाही. 'आजी छत्री विसरली' हे निवेदन पहिल्या खर्ड्यात होतं, तेही गळतं. मोठा फायदा असा की आता छत्री राहिल्याचं वाचकाला आजीच्या आधी कळतं. वळलेल्या आजीचा चेहरा पान ४ वर जातो, पान उलटल्यावर दिसायला.

इथे पुस्तिकेचा खरा उपयोग होतो. पान १ एकटं, मग २-३, ४-५, ६-७ समोरासमोर, आणि ८ मागे. म्हणजे वाचक पान उलटतो ते १, ३, ५ आणि ७ नंतर. जे अचानक दिसायला हवं ते सम पानाच्या पहिल्या चौकटीत, आणि त्याची उत्सुकता विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. पहिल्या स्क्रिप्टमध्ये गौप्यस्फोट बहुतेकदा पान ५ वर सापडतो. पान ४ उघडताच नजर आधी तिकडेच जाते आणि सगळी मजा निघून जाते. टाइप केलेल्या मजकुरात ही चूक दिसतच नाही, पुस्तिका हातात आली की लगेच दिसते. मोबाइलवर वरून खाली सरकत वाचायच्या कॉमिकला अर्थात हा नियम लागू नाही. तिथे दोन चौकटींमधली मोकळी जागा हे काम करते आणि तपासायला कागदाची लांब पट्टी बरी.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट या पद्धतीतून पुन्हा पुन्हा समोर आली. फुल्या जिथे पडतात तिथे वाक्यात बहुतेकदा '-ऊन' असतं. उठून, वळून, घेऊन, डोकावून. 'तो उठून खिडकी उघडून बाहेर बघतो' हे वाक्य मराठीत इतकं सहज येतं की त्यात तीन क्रिया आहेत हे लिहिणाऱ्याला जाणवत नाही. '-ताना' मात्र बहुतेक वेळा सुरक्षित: 'चहा ओतताना ती त्याच्याकडे बघते' हा एकच क्षण आहे, काढता येतो. म्हणून पाठवण्याआधी चौकटींच्या वर्णनात प्रत्येक '-ऊन', 'मग' आणि 'तेवढ्यात' खाली पेन्सिलीने रेघ मारावी. प्रत्येक रेघेला विचारायचं: ही वेगळी चौकट आहे, की गाळली तरी चालेल? 'हळूहळू', 'नेहमीप्रमाणे', 'त्याला जुने दिवस आठवतात' हेही त्याच यादीत, कारण स्थिर चित्रात यांतलं काहीच दिसत नाही. एवढं एक काम केलं तरी पहिल्या खर्ड्यातल्या बऱ्याच फुल्या आधीच टळतात.

काढायला कुणाला बसवायचं? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पहिल्या फेरीला कसलेला चित्रकार नको. तो स्क्रिप्टमधली भोकं न बोलता बुजवतो: एक चौकट वाढवतो, कोन बदलतो, पुस्तिका सुरेख होते आणि लेखकाला वाटतं आपलं लिखाण ठीक आहे. चित्रकला यथातथाच असलेला, पण कॉमिक वाचायची सवय असलेला माणूस पहिल्या फेरीला उत्तम. त्याच्याकडे चुका झाकायची हातोटी नसते. दुसऱ्या फेरीला तसाच दुसरा माणूस, ज्याने पहिली पुस्तिका पाहिलेली नाही. जाणकार चित्रकार तिसऱ्या फेरीला, आणि तोही पूर्ण आठ पानांसाठी नाही, सर्वाधिक फुल्यांच्या दोन पानांसाठी. त्याच्या वेळेचे पैसे आधी ठरवून द्यावेत. 'बघून सांगा ना जरा' म्हणून व्यावसायिकाकडून दोन पानांचं काम फुकट काढून घेणं बरोबर नाही.

लेखकाने स्वतःच ढोबळ चित्रं काढून पाहिली तर? जरूर काढावीत. ईसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनात लेखक-संपादक हार्वी कुर्ट्झमन १९५० च्या दशकात आपल्या कथांचा पानागणिक आराखडा स्वतः रेखाटून चित्रकारांना देत असे. पण अभिप्राय म्हणून याचा उपयोग मर्यादित आहे, कारण लिहिणाऱ्याला गाळलेलं सगळं माहीतच असतं. याच्या उलट टोकाला १९६० च्या दशकातली मार्व्हलची रीत: आधी फक्त कथासार, मग चित्रकार पानं रचणार, संवाद शेवटी. त्या रीतीने काम करायचं असेल तर ही चाचणी लावण्यात अर्थ नाही. ती चौकटवार लिहिलेल्या पूर्ण स्क्रिप्टसाठीच आहे.

शब्दसंख्येचा हिशोब पुस्तिकेवर होत नाही, तो वेगळा करावा लागतो. डीसी या अमेरिकन कॉमिक प्रकाशनाचे जुने संपादक मॉर्ट वायझिंगर यांचा म्हणून एक दंडक सांगितला जातो: पानाला सहा चौकटी, चौकटीला फार तर ३५ शब्द. मराठीत तो जसाच्या तसा उचलू नये. अमेरिकन कॉमिकचं पान मोठं असतं आणि अक्षरं सगळी कॅपिटल, त्यांना वर वेलांटी नाही की खाली उकार नाही. आपल्याकडे ए-फाइव्ह पान धरा. एक सेंटिमीटर समास सोडून सहा चौकटी केल्या तर एकेक चौकट जेमतेम सहा बाय सहा सेंटिमीटरची. संवादाच्या फुग्याला वरचा एक तृतीयांश भाग द्या. नऊ पॉइंट अक्षर आणि तेरा पॉइंट ओळ धरली तर चार ओळी बसतात, ओळीला तीन-चार शब्द. म्हणजे बारा ते पंधरा शब्द, संपले. त्यात 'त्यांच्यासाठीसुद्धा' असा शब्द आला की ओळीचा बराच भाग तोच खातो, आणि तोडावा तर कुठे? म्हणून दाट संवादाच्या दोन चौकटी कलमसारख्या मोफत युनिकोड फॉन्टमध्ये खऱ्या मापात बसवून, छापून, हातभर अंतरावरून वाचून बघाव्यात. बसवताना 'तऱ्हा', 'शक्ती', 'प्रश्न' हे शब्द आधी टाइप करून पाहा. जोडाक्षरं सुटी पडली तर ते सॉफ्टवेअर अक्षरयोजनेला वापरू नका. इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये ती नीट येतात.

फुग्यांचा क्रमही इथेच तपासून होतो. आधी बोलणारा डावीकडे हवा. आजी डावीकडे उभी आणि पहिलं वाक्य उजवीकडच्या कंडक्टरचं असेल तर त्याचा फुगा वर आणि तिचा खाली असं स्पष्ट लिहावं, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं.

पुस्तिका भरली की ती तिसऱ्याच माणसाला द्यायची, अक्षरांशिवाय, आणि विचारायचं: प्रत्येक पानावर काय घडलं, एकेका वाक्यात सांग. 'आवडलं का?' हे विचारूच नये. आठपैकी ज्या पानांचं वाक्य बरोबर येतं तिथलं निवेदन कापायला घ्यावं, चित्रच बोलतंय. जिथे चुकतं तिथे निवेदन वाढवायच्या आधी चित्राचं वर्णन सुधारावं.

आता उणिवा. संवाद खोटे वाटतात का, हे या पद्धतीने अजिबात कळत नाही. त्यासाठी दोघांनी मोठ्याने वाचणं हाच उपाय, आणि वाचणाऱ्यांत लेखक नको. विनोदाची वेळ अर्धवटच कळते. गोष्टीचा जीवच अशक्त असेल तर पुस्तिका तेही सांगत नाही, उलट आठही पानं फुलीशिवाय पार पडतात आणि फसवं समाधान मिळतं. दोन माणसं बसून नुसती बोलतात अशा पानांवर हे हमखास होतं: काढणाऱ्याला अडायला काही नसतं, वाचणाऱ्याला बघायला काही नसतं. अशा पानावर फुली नसली तरी शंका घ्यावी.

फुल्या जमवताना एक तक्ता पुरतो: पान, चौकट, कोण अडलं, काय विचारलं. दोघे एकाच चौकटीत अडले तर तिथे बदल करायचाच. एकच अडला तर त्याचा प्रश्न पुन्हा वाचायचा. काढणाऱ्याने उपाय सुचवला ('इथे फ्लॅशबॅक टाक') तर उपाय बाजूला ठेवून तो का सुचला ते शोधायचं, बहुतेक वेळा एक-दोन चौकटी आधी काहीतरी राहिलेलं असतं. दुरुस्तीचा क्रम पानांची रचना, मग चौकटी, मग संवाद, आणि शुद्धलेखन अगदी शेवटी. जी चौकट उद्या कापायची आहे तिच्यातल्या वेलांट्या आज सुधारण्यात वेळ जातो, आणि सुधारलेली चौकट कापवतही नाही.

तिसऱ्या पुस्तिकेत एक-दोनच फुल्या उरल्या की स्क्रिप्ट चित्रकाराकडे जाऊ द्यावी. सोबत फक्त स्क्रिप्ट द्यावी, प्रत्येक पान नव्या कागदावर, वर चौकटींची संख्या लिहून. पुस्तिका त्याने मागितली तरच द्यावी. आधी दिली तर तो काड्यांच्या माणसांचीच रचना गिरवत बसतो आणि त्याच्या डोक्यातली पानं कागदावर येतच नाहीत.