लाडकी बहीण की रेशन: हक्काचं काय?

लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून पात्र बहिणीला महिन्याला १५०० रुपये मिळतात. पण ही योजना कायद्यावर नाही, शासन निर्णयावर उभी. निकष बदलले की नाव कटू शकतं. रेशन मात्र २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळतं: प्राधान्य गटातल्या कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदयला (सर्वांत गरीब कुटुंबांना) घरटी ३५ किलो, २०२३ पासून फुकट. बाजारात गहू महागला तरी हे किलो तेवढेच. १५०० ची खरेदीशक्ती मात्र घटत जाते.

रोख रकमेतून औषध येतं, गॅस येतो, धान्यातून नाही. शिवाय पैसे बाईच्याच नावावर, ही मोठीच गोष्ट.

अडतं कुठे? योजनेचे पैसे आधार कार्डाला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, बाई पासबुक भरते भलत्याच बँकेचं! रेशनला कष्टाने झिजलेला अंगठा दुकानातल्या ई-पॉस मशीनवर (ठसा घेऊन ओळख पटवणाऱ्या) उमटत नाही.