गाडीच्या बॅटरीवर ऑक्सिजनचे यंत्र चालवून देतो, असे सांगून झालेली फसवणूक

माझ्या आईला फुफ्फुसांचा फायब्रोसिस (फुफ्फुसे कडक होत जाण्याचा आजार) आहे आणि गेली दोन वर्षे तिला दिवसातले बहुतेक तास ऑक्सिजन लागतो. घरी त्यासाठी मिनिटाला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र, आहे. मागच्या डिसेंबरात कणकवलीला तिच्या भावाच्या मुलीचे लग्न होते आणि आईला तेथे जायचेच होते. पुण्याहून गाडीने सात-आठ तासांचा प्रवास असल्यामुळे घरचेच यंत्र गाडीत चालवता येईल का, याची चौकशी करत मी पुण्यातील एका इलेक्ट्रिकल मालाच्या दुकानात गेलो.

यंत्राच्या मागच्या पट्टीवर ३५० वॅट लिहिले होते, त्याचा फोटो मी दुकानदाराला दाखवला आणि हे आजारी माणसाचे यंत्र आहे, हेही स्पष्ट सांगितले. त्याने ‘१५०० वॅट, प्युअर साइन वेव्ह’ (म्हणजे घरच्यासारखी गुळगुळीत लहरीची वीज) असे छापलेला इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीतून घरच्या यंत्रांना चालणारी वीज तयार करणारे उपकरण, पुढे केला, त्यावर १०० वॅटचा बल्ब लावून दाखवला आणि गाडी बंद असली तरी यंत्र चार तास चालेल, अशी हमी दिली. किंमत ६,८०० रुपये. त्याच्याच माणसाने ५०० रुपये घेऊन बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत तारा ओढून दिल्या. बिल मागितल्यावर कोटेशनच्या कागदावर ‘इलेक्ट्रिक सामान’ एवढेच लिहून मिळाले. पक्के बिल नंतर देतो, असे तो म्हणाला आणि मी ते मान्य केले. घरी गाडी चालू ठेवून दहा मिनिटे यंत्र चालवून पाहिले, ते चालले, आणि तेवढ्यावर माझा विश्वास बसला.

खंबाटकी घाट उतरून सुरूरच्या आसपास पोहोचलो असताना गाडीत प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास आला, इन्व्हर्टर कर्कश वाजू लागला आणि कॉन्सन्ट्रेटर बंद पडला. आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ९३ वरून काही मिनिटांत ८३ वर आला. माझ्या बायकोने हट्टाने ऑक्सिजनचा बी टाइपचा एक सिलिंडर सोबत घेतला होता, म्हणून पुढचा अनर्थ टळला. असा भरलेला सिलिंडर मिनिटाला २ लिटर या प्रमाणात साधारण बारा तास पुरतो, पण आमचा अर्धाच भरलेला होता. कणकवली अजून फार दूर होती, त्यामुळे आम्ही गाडी परत फिरवली. आईने भाचीचे लग्न मोबाइलवर पाहिले. वाटेत ती मला एका शब्दानेही बोलली नाही, उलट माझीच समजूत काढत राहिली, आणि त्याचे मला आजही फार वाईट वाटते.

कॉन्सन्ट्रेटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने दोन्ही यंत्रे उघडून मला जे दाखवले, ते मी खरेदीपूर्वी स्वतःच पाहू शकलो असतो. इन्व्हर्टरच्या मागे २० अँपिअरचे दोन फ्यूज होते. दोघांची बेरीज ४० आणि बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे तो बॅटरीतून फार तर ४८० वॅट घेऊ शकणार होता. १५०० वॅट द्यायचे तर सव्वाशे अँपिअरहून अधिक प्रवाह आणि त्या मानाने बऱ्याच जाड तारा लागतात. शिवाय ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर, ती गुळगुळीत न दिसता पायऱ्यांसारखी दिसली, म्हणजे प्युअर साइन वेव्ह हेही खोटेच होते. बल्बला लहर कशीही असली तरी चालते, पण कॉम्प्रेसरची मोटर अशा विजेवर जास्त तापते आणि सुरू होताना तर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. आमच्या कॉन्सन्ट्रेटरमधला कपॅसिटर, म्हणजे मोटर चालवायला लागणारा विजेचा एक भाग, फुगला होता. दुरुस्तीला ९,००० रुपये लागले.

चार तासांची हमी तर साध्या गणितानेच खोटी ठरते. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर ३५० वॅटच्या यंत्राला बॅटरीतून ३३-३४ अँपिअर लागतात आणि आमच्या छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. म्हणजे गाडी बंद असताना ती तासभरही टिकणार नाही, आणि ती निम्म्याहून अधिक उतरली की गाडी पुन्हा सुरू होण्याचीही खात्री नसते, कारण ही बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती बनवलेली असते. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर असे यंत्र लावा, असे कोणी सांगितले तर तेही ऐकू नये. त्याचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो आणि तो लगेच उडेल.

माल परत घेण्यास दुकानदाराने साफ नकार दिला आणि जोडणी तुम्हीच चुकवली, असे वर ऐकवले. जोडणी त्याच्याच माणसाने केली होती, पण त्याची नोंद कोटेशनवर नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना यूपीआयची नोंद आणि त्याने मोबाइलवर पाठवलेला ‘१५०० वॅट प्युअर साइन, गॅरंटी’ हा संदेश, एवढाच पुरावा माझ्या हाती होता. त्यानंतर त्याने ३,००० रुपये परत केले आणि विषय संपला, असे सांगितले.

आता आईला कोठे न्यायचे झाले तर आम्ही स्वतःची बॅटरी असलेला पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतो. त्यातली काही यंत्रे फक्त श्वास घेताना ऑक्सिजन सोडतात आणि ते प्रत्येक रुग्णाला पुरतेच असे नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून, घरी दोन तास आईला लावून, ऑक्सिमीटरवरचा आकडा पाहूनच ते गाडीत ठेवतो. भरलेला सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधून सोबत असतोच.

उरलेल्या रकमेसाठी आणि दुरुस्तीच्या खर्चासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार केला आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नसतो आणि एवढ्या लहान रकमेला शुल्कही लागत नाही. मेकॅनिकचा लेखी अहवाल आणि तो इन्व्हर्टर, त्याचे दोन्ही फ्यूज जसेच्या तसे ठेवून, मी जपून ठेवला आहे.