उरुळी कांचनजवळची एक रोपवाटिका : फुलवेली घेण्यासाठी कितपत योग्य?

पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची रांगच लागते. त्यांपैकी एका रोपवाटिकेतून गेल्या पावसाळ्यात आम्ही फाटकावरच्या कमानीसाठी आणि गच्चीसाठी काही फुलवेली घेतल्या. काही तक्रारीही नोंदवायच्या असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही.

या जागेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे विक्रीच्या पिशव्यांमागे उभारलेला लांबलचक मांडव. पिशवीतले वीतभर रोप पाहून ती वेल पुढे किती पसरेल, बुंधा किती जाड होईल आणि तिला दोरी पुरेल की लोखंडी कमान लागेल, याचा अंदाज कोणालाही येत नाही. येथे मात्र विकल्या जाणाऱ्या बहुतेक वेलींची पूर्ण वाढलेली रूपे मांडवावर चढवलेली आहेत. मधुमालतीचा विस्तार पाहून तर आम्ही ती गच्चीवर न्यायचा विचार सोडला आणि फाटकाजवळ जमिनीतच लावायचे ठरवले. तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत गुलाबी होत लाल होतात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. ही शोभा हवी असेल तर एकेरी फुलांचीच वेल मागून घ्यावी, कारण मागितल्याशिवाय येथे दुहेरी फुलांची गुलाबी जात हातात ठेवली जाते.

रोपे दाखवणाऱ्या मावशींचे ज्ञान अस्सल आहे. फुलांचा रंग विचारण्याआधीच त्यांनी आम्हाला विचारले, "ताई, ऊन किती वेळ येतं ते सांगा, मग वेल देते." बोगनवेलीला घरी नेल्यावर रोज पाणी घातले तर नुसता पाला वाढतो, माती वाळल्यावरच पाणी द्यावे, हेही त्यांनी न विचारता सांगितले. कलमी बोगनवेलीच्या फुललेल्या कुंड्यांची किंमत मात्र अवाजवी वाटली. छाटकलमाने सहज होणाऱ्या वेलीसाठी इतके पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

नामफलकांचा कारभार गलथान आहे. पावसाळ्यात संक्रांतवेल आणि लसूणवेल या दोन्ही फुलांविना केवळ हिरव्या असतात, शिवाय एकाच कुळातल्या असल्याने त्यांची पानेही सारखी भासतात. संक्रांतवेलीच्या फलकाखाली ठेवलेले एक पान चुरगाळून पाहिले, तर लसणीचा झणझणीत वास आला. ज्याला जानेवारीत केशरी फुलांचा पडदा हवा आहे, त्याच्या घरी यामुळे जांभळी फुले येतील, तीही बहुधा दिवाळीच्या सुमारास. चूक दाखवताच रोप बदलून मिळाले, परंतु त्या ओळीतल्या बाकीच्या पिशव्या तशाच राहिल्या.

दुसरी तक्रार मातीची. पिशवीतली तांबडी माती इतकी घट्ट दाबलेली असते, की वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. त्यामुळे पिशवी पाण्यात बुडवून गोळा पूर्ण भिजू द्यावा, कडेची माती हलक्या हाताने मोकळी करावी आणि शेणखत व कोकोपीट मिसळलेल्या मातीत रोप लावावे. कृष्णकमळाची मुळे दुखावू नयेत म्हणून विशेष जपावे लागले, पण आज तिन्ही वेलींमध्ये तीच सर्वांत जोमदार आहे.

याच कृष्णकमळाबरोबर कीटकनाशकाची एक बाटली आमच्या सामानात आणि बिलातही परस्पर घातली गेली होती. या वेलीवर टॉनी कॉस्टर नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या काटेरी अळ्या येतात आणि पाने फस्त करतात हे खरे. तथापि जोमदार वेल पुन्हा फुटते आणि फुलपाखरांसाठीच ही वेल लावणारेही पुष्कळ असतात, तेव्हा निदान विचारायला तरी हवे होते. बाटली मी तिथेच परत केली, आणि तिचे पैसे वजा करताना गल्ल्यावर कोणी खळखळ केली नाही, हे नमूद केले पाहिजे.