अंतराळयानातला खून: किशोर वाचकासाठी कोणती कादंबरी?

बेथ रेव्हिस यांची २०११ची ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ आणि मर लॅफर्टी यांची २०१७ची ‘सिक्स वेक्स’ या दोन्ही इंग्रजी कादंबऱ्यांत खुनी यानातच असतो आणि बाहेर पळायला जागा नसते. रेव्हिस यांच्या कादंबरीत गोठवून ठेवलेली सतरा वर्षांची एमी ‘गॉडस्पीड’ यान मुक्कामी पोहोचण्याच्या पन्नास वर्षे आधीच जागी होते आणि गोठलेल्या इतर प्रवाशांना कोणीतरी एकेक करून मारू लागते. तिचे आईवडीलही त्याच थंड पेट्यांत असल्यामुळे तिचा शोध केवळ बुद्धीचा खेळ राहत नाही. एमी आणि यानाचा भावी नेता एल्डर आळीपाळीने निवेदन करतात. रहस्य मात्र सराईत वाचकाला लवकर उमगावे, इतके ते सोपे आहे.

‘सिक्स वेक्स’चे कोडे याहून कितीतरी चिवट आहे, कारण त्यात सहा कर्मचारी नव्या क्लोन-शरीरांत जागे होतात, तेव्हा समोर त्यांचीच प्रेते असतात आणि मधल्या सुमारे पंचवीस वर्षांच्या आठवणी पुसलेल्या असतात. ती प्रौढांसाठी लिहिलेली आहे. त्यामुळे चौदा वर्षांच्या वाचकाच्या हाती मी आधी रेव्हिसच देईन.