थंडीतलं अनवाणी पळणं आणि पातळ सोलच्या दोरीच्या सँडल : ग्वाल्हेरहून रिव्ह्यू

आमच्या रनिंग ग्रुपमधल्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून सविस्तरच लिहितेय, इंदूरकडच्यांनाही उपयोग होईल. मी अनवाणी पळते, डांबरी रस्ता असो नाहीतर माती, आणि होळीपासून दिवाळीपर्यंत मला पायात काहीच लागत नाही. पण ग्वाल्हेरचा हिवाळा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना कितीही सांगा, पटत नाही. डिसेंबरातला तानसेन समारोह होईपर्यंत निभून जातं, मग मात्र संक्रांत उलटेस्तोवर पहाटेचा पारा बऱ्याचदा 5-6 वर येऊन बसतो, वर कोहरा, आणि रस्ता रात्रभर पाऊस पडल्यासारखा ओला.

या दिवसांसाठी मी या सँडल मागवल्या. छोटी कंपनी आहे, ऑनलाइन विकतात, दीड हजाराच्या आत मिळाल्या. म्हणजे बघा, 6 एमएमचा सपाट रबर, टाच उचललेली नाही, कुशन नाही, आणि नायलॉनची एकच पट्टी अंगठा आणि शेजारच्या बोटामधून निघून घोट्याच्या दोन्ही बाजूंनी टाचेमागे फिरते, बस. मेक्सिकोतले ताराहुमारा लोक जुन्या टायरचे तुकडे कापून अशाच सँडल करतात आणि त्या घालून डोंगरदऱ्यांत पळतात, तिथलीच ही मूळ कल्पना.

आता अनवाणी पळणारीला सँडल कशाला, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. 5-6 डिग्रीला पाय गोठून काळे पडतील अशी भीती आपल्याकडे बाळगायचं कारण नाही, त्याला कातडीच शून्याखाली जावी लागते. इथला त्रास वेगळा आहे. शरीर पोटा-छातीची ऊब राखायला हातापायांचं रक्त आखडून घेतं, त्यात ओला रस्ता, पाणी हवेपेक्षा वीसपट तरी जास्त वेगाने ऊब ओढून घेतं, आणि थोड्याच वेळात तळवा बधिर होतो. अनवाणी पळण्याची सगळी मजा आणि सगळी सुरक्षितता तळव्याला जे कळतं त्यावर उभी आहे ना. खडा लागला की पाऊल आपोआप हलकं पडतं, जोरात आपटलं की लगेच समजतं आणि आपण पावलं छोटी करतो. बधिर पायाला यातलं काहीच कळत नाही, काच रुतली तरी घरी येऊन फरशीवर लाल ठसे दिसले की मग समजतं. शिवाय अशा ओल्या गारठ्यात काहींची बोटं लाल होऊन सुजतात आणि रजईत शिरलं की भयंकर खाजतात, ते वेगळंच.

या सँडलने तळवा ओल्या रस्त्यापासून सुटतो आणि तरीही खालचं बरंच कळतं. मेळा ग्राउंडच्या बाजूला खडी कुठे संपली आणि डांबर कुठे सुरू झालं हे डोळे मिटून सांगता येईल इतकं. जाड सोलच्या बुटात हे अजिबात नाही. रबर थंडीत जरा कडक होतो, सुरुवातीला फटफट आवाज येतो, पाय गरम झाला की आणि पाऊल नीट पुढच्या भागावर पडायला लागलं की आवाज कमी होतो. मी तर त्या आवाजावरूनच ओळखते आज पाऊल कसं पडतंय.

मोजे घालायचे असतील तर अंगठेवालेच, बायकांचे असतात ते, हिवाळ्यात गरम कपड्यांच्या ठेल्यांवर सहज मिळतात. लोकरीचे घ्या, सुती नको, सुती ओला झाला की ओलाच राहतो आणि मग उघडा पाय बरा असं होतं.

तक्रार एकच आहे पण मोठी आहे. पट्टीची गाठ सोलच्या खाली, अंगठ्याच्या बरोबर मागे येते आणि ती रस्त्यावर घासते. किल्ल्याच्या उरवाई गेटच्या उतारावर, त्या कोरीव जैन मूर्तींच्या खालच्या वळणापाशी, माझी गाठ घासून तुटली आणि सँडल हातात घेऊन खाली यावं लागलं. कंपनीला लिहिलं तर म्हणे नवीन पट्टी विकत घ्या. इथल्या लष्कर भागात आमच्या नेहमीच्या मोचीकाकांनी बघितलं, रबरात गाठीपुरता खड्डा कोरला, गाठ त्यात बसवली, आता ती जमिनीला टेकतच नाही. जे काकांनी ठेल्यावर बसून केलं ते कंपनीने आधीच करून द्यायला काय हरकत होती! आणि नायलॉन दवाने भिजलं की सैल पडतं, मध्ये थांबून आवळावं लागतं.

अनवाणी पळणारे काही जण सँडललाही नावं ठेवतात, त्यांना मी अबेबे बिकिलांचं उदाहरण देते. 1960 ला रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन ते अनवाणी जिंकले हे सगळ्यांना पाठ असतं, पण ती सप्टेंबरातली शर्यत होती, आणि 1964 ला टोकियोत तेच बिकिला बूट-मोजे घालून धावले आणि पुन्हा जिंकले. कोरडी थंडी असेल, ऊन निघालं असेल तर मी आजही सँडल कमरेच्या पट्ट्यात खोचून उघड्या पायांनीच निघते, तळवा बधिर वाटायला लागला की घालते. कान आणि हात मात्र झाकलेच पाहिजेत, आणि निघायच्या आधी घरातच जागच्या जागी पळून घाम यायच्या बेताला आणा, तेवढ्यानेही पाय बराच वेळ ऊबदार राहतात. परत आल्यावर बधिर पाय हीटरसमोर धरू नका, भाजलेलं कळत नाही. कोरडे पुसा, मोजे घाला, हळूहळू गरम होऊ दे. रात्री भेगांना कोकमतेल, आमची आजी वाटीत वितळवून लावायची तसंच, बाजारातल्या कुठल्याही क्रीमपेक्षा मला त्याचाच गुण येतो.

तर घ्या, ओल्या थंडीसाठी याहून बरं काही मला मिळालेलं नाही, फक्त आल्या आल्या मोचीकडून गाठ आत बसवून घ्या. माप देताना कागदावर उभं राहून, तेही अंगठेवाले मोजे घालून पाऊल आखा. मी बिनमोज्याचं माप दिलेली मैत्रीण बघितलीय, तिची बोटं रबराच्या पुढे येतात आणि उतारावर पहिला खडा अंगठ्यालाच लागतो.