आकड्यांसाठी काय घ्यावं: अ‍ॅप, अबॅकस, सापशिडी की डब्यातले चिंचोके?

माझी मावसबहीण धुळ्याला राहते, तिचा मुलगा आता चार पूर्ण करेल. परवा तिचा फोन, की याला आकड्यांसाठी अ‍ॅप घेऊ, अबॅकसला, म्हणजे त्या मण्यांच्या पाटीच्या क्लासला टाकू, का नुसता चार्ट आणून भिंतीला लावू? माझी दोन पोरं, मुलगा सातचा आणि मुलगी साडेचारची, आणि यातलं जवळपास सगळं आम्ही करून बसलोय, थोडे पैसे पाण्यात घालून सुद्धा, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक बघून घ्या. पोरगं घडाघडा आकडे म्हणतं म्हणजे त्याला मोजता येतं असं नाही. माझी मुलगी पाहुण्यांसमोर वीसपर्यंत म्हणून दाखवायची, पण ताटलीत सात शेंगा ठेवल्या की बोट चौथ्या शेंगेवर आणि तोंड सातवर. बरं, नीट मोजून झाल्यावर "मग किती आहेत गं?" विचारलं की परत एकपासून सुरू! शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण शेंगा, हे तिच्या डोक्यातच नव्हतं. गेलमन आणि गॅलिस्टल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली हे वेगवेगळं करून मांडलंय: एका वस्तूला एकच आकडा, क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, कुठल्याही टोकापासून मोजा तेवढेच येतात, आणि मोजायला काहीही चालतं. मी कुठलंही साधन बघताना हेच बघते, की यातलं काय पक्कं होतंय.

चार्टचं दोन वाक्यांत सांगते. स्वस्त आहे, ५ आणि ६ कसे दिसतात ते कळतं. मोजणं त्याने येत नाही.

अ‍ॅपमध्ये बोट लावलं की सफरचंद उडी मारतं, बाई "व्हेरी गुड" म्हणते, पोरं खूष. पण मोजतं कोण, तर अ‍ॅप. उत्तर चुकलं तरी चारही चौकोनांवर टकटक केलं की एक बरोबर निघतंच, आणि ही युक्ती पोरं आकड्यांच्या आधी शिकतात. दुसरं म्हणजे बहुतेक अ‍ॅप इंग्लिशमध्ये, त्यामुळे "एटीन" येतं आणि अठरा म्हटलं की तोंडाकडे बघत बसतात. आता खरं सांगायचं तर मराठी आकडे अवघड आहेतच. एकवीस म्हणताना एक आधी आणि लिहिताना दोन आधी, म्हणून पोरं सरळ १२ लिहून मोकळी, आणि एकोणतीसचं तर विचारूच नका, तीस ऐकलं की ३९ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, गणितज्ञ मंगला नारळीकर बाईंनी बाजू मांडली तरी लोकांनी थट्टाच केली. मला तर पटलं होतं. घरी मी दोन्ही म्हणते, वीस एक, एकवीस.

अबॅकसचं गणित असं की वरचा एक मणी म्हणजे पाच आणि खालचा प्रत्येक एक. म्हणजे एका मण्यात पाच बघायचे. सातच्या पोराला जमतं, माझ्याला आवडलंही, पण ज्याला पाच शेंगा म्हणजे पाच हेच अजून पक्कं नाही त्याला तो मणी म्हणजे नुसता मणी. एका क्लासवाल्यांनी "लहान असली तरी चालेल" म्हणून मुलीची पण फी घेतली, तिने त्या पाटीची महिनाभर रेल्वे चालवली, फी काही परत आली नाही.

सापशिडी मात्र घ्याच. रमाणी आणि सीगलर या संशोधकांनी २००८ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना एक ते दहाच्या सरळ पट्टीवरचा खेळ दोन आठवड्यांत चार वेळा दिला, पंधरा-वीस मिनिटंच, तरी मुलांची आकड्यांची समज वाढली. त्यात बारीक गोष्ट अशी की पाचवर सोंगटी असेल आणि दोन पडले तर "एक, दोन" म्हणायचं नाही, "सहा, सात" म्हणायचं. सापशिडीत रांग एकदा इकडून एकदा तिकडून वळते, तिथे लहान पोरं गोंधळतात, आणि हमखास उभ्या असलेल्या घरालाच "एक" म्हणतात. म्हणून आधी ओट्यावर खडूने दहा चौकोन सरळ काढायचे, अंगठ्याएवढा खडा सोंगटी.

आणि चिंचोके. अष्टाचंगला चिंचोके फोडून चार अर्धे घेतो ना, फेकले की पांढरे किती हे पोरगी न मोजता बघूनच सांगायला लागली, दोन, तीन. चारही पांढरे चंग, चारही काळे अष्टा.

तरी सगळ्यात जास्त फरक पडला तो मे महिन्यात अमळनेरला, सासूबाईंच्या गच्चीवर. ऊन असं की दुपारी पाय ठेववत नाही, पण सकाळी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे, जुन्या धोतरावर ओळीने, आणि पोरगी प्रत्येक बिबड्याजवळ जाऊन मोजणार. एका ओळीत आठ. हिने कडेचा एक ओलाच उचलून खाल्ला. सासूबाई ओरडल्या नाहीत, नुसतं विचारलं, "आते कितला ऱ्हायनात?" म्हणजे आता किती राहिले? पोरगी परत पहिल्यापासून मोजत गेली, सातवर थांबली, रिकामी जागा बघितली आणि स्वतःच म्हणाली, "मी खाल्ला तो आठवा होता." त्यानंतर केळीची फणी, पोळ्यांचा डबा, चपला, सगळं मोजून झालं. फणी अवघड जाते, दोन ओळी असतात ना, कुठून सुरू केलं तेच विसरते.

तर बाई, चार वर्षांच्याला घरातल्या वस्तू आणि खडूचे चौकोन, पाचच्या पुढे सापशिडी-अष्टाचंग, अबॅकस दुसरी-तिसरीत हौस असेल तर. अ‍ॅप लागलंच तर शेजारी बसून, लांबच्या गाडीत. चिंचोके विकत घेऊ नकोस, सासूबाईंकडे बरणीभर आहेत, राखीला येताना आणते. फक्त तुझी धाकटी अजून रांगतेय, तिच्यासमोर ते नको, तोवर मोठ्याला बटाटे मोजायला दे.