दसऱ्याला घेतलेली ५० एमएम लेन्स, दोन ससे आणि नऊ महिने

लेक शिकायला पुण्याला गेली आणि जाताना दोन ससे आणि एक कॅमेरा माझ्या अंगावर टाकून गेली. ससे नीट सांभाळ म्हणाली, कॅमेऱ्याबद्दल काहीच बोलली नाही. तो दिरांचा जुना डीएसएलआर, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे आतली फोटो टिपणारी चिप जरा लहान), सोबत नेहमीची १८-५५ एमएमची झूम लेन्स. लेकीला रोज सशांचे फोटो हवे असायचे. मोबाइलवर काढून पाठवले की म्हणायची, "आई, हे आधार कार्डावरचे वाटतायत."

म्हणून दसऱ्याला ५० एमएम एफ १.८ ची लेन्स घेतली. (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो आणि पुढचं-मागचं तितकं धूसर होतं.) सेकंडहँड, साडेचार हजारांत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की लोक लेन्स सोडून कंपनीवरून भांडत बसतात. आणि तसंही ही स्वस्तातली पन्नास बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे असते, गुणदोषही बरेचसे सारखेच. दसरा ते आषाढ, नऊ महिने वापरली. साताऱ्यात शाहूपुरीतलं आमचं घर, पूर्वेची एक खिडकी, खाली शहाबादी फरशी. माझा स्टुडिओ म्हणाल तर एवढाच.

सशांची ओळख करून देते. पांढरा कापूस, लाल डोळ्यांचा. काळा बुक्का. हे नाव आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी ठेवलं. त्या माउलींच्या पालखीबरोबर दरवर्षी लोणंद ते फलटण चालतात, घरात काळं काही आलं की त्यांना बुक्काच आठवतो. एक शुभ्र आणि एक काळाकुट्ट ससा सांभाळणं सोपं आहे. त्यांचे एकत्र फोटो काढणं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

पहिला महिना मी सगळं एफ १.८ वर काढलं. पैसे त्याचेच मोजलेत ना, मग वापरायचं. मागचा गॅस सिलिंडर धूसर होऊन नाहीसा झाला याचाच आनंद इतका, की ससाही अर्धा नाहीसा झालाय हे आठवडाभर लक्षात आलं नाही. नाक लख्ख आणि डोळा पुसट, नाहीतर डोळा लख्ख आणि नाक म्हणजे कापसाचा बोळा. मी पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे शेवटी कागद घेऊन बसले. बुक्क्याच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर दोऱ्याने मोजलं (पट्टी लावू देईल तर तो ससा कसला): साधारण ५ सेंटिमीटर. माझ्या कॅमेऱ्यावर ८० सेंटिमीटरवरून एफ १.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा येतो पावणेदोन सेंटिमीटरचा. अर्ध्या मीटरवर गेलं की उरतात जेमतेम ७ मिलिमीटर. एफ ४ ला ८० सेंटिमीटरवर हाच पट्टा ४ सेंटिमीटरच्या आसपास होतो. तेव्हापासून सशांना एफ ४, फार उजेड असेल तर ५.६. एफ १.८ साठी घेतलेली लेन्स मी निम्म्याहून जास्त वेळा एफ ४ वर वापरते, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. मागचा सिलिंडर एफ ४ लाही पुरेसा विरघळतो, फक्त ससा भिंतीला चिकटून बसलेला नको. दोघांत निदान दोन हात मोकळी जागा हवी.

या लेन्सला झूम नाही. १८-५५ वर मी खुर्चीत बसून ससा जवळ ओढायचे. आता फरशीवर पालथं पडून कोपरांवर सरकत जावं लागतं. पहिल्यांदा असं पडले तेव्हा आत्याबाई धावत आल्या, त्यांना वाटलं चक्कर आली. पण सशाच्या डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा आला की फोटो एकदम बदलतो. उभ्याने काढला की तो पाळलेला जीव दिसतो, फरशीवरून काढला की त्याला स्वतःचं तोंड येतं.

जवळ जायचं तर त्याने येऊ द्यायला हवं. शटरचा खटका झाला की कापूस मागचा पाय फरशीवर आपटायचा, म्हणजे धोका आहे, पळा. आठवडाभर मी फोटो काढलेच नाहीत. नुसती कोथिंबीर टाकायची आणि लांबून खटके वाजवायचे, रोज थोडं जवळून. आठव्या दिवशी खटका वाजला की कापूस कोथिंबिरीच्या वासाने पुढे यायला लागला, तो अजून तसाच येतो. कॅमेऱ्यात शांत शटरची सोय आहे हे मला नंतर कळलं.

जाता जाता, गाजर धरलेल्या सशाचा फोटो सगळ्यांना हवा असतो. गाजर त्यांना गोड खाऊ म्हणून चिमूटभर ठीक, रोजचं पोट हरळीवर आणि वाळल्या गवतावरच भरायला हवं. मुळ्याचा पाला खाताना काढा, तोंडही छान हलतं.

आता खरी गोष्ट, जी मला तीन महिन्यांनी कळली. मी सारखी प्रयत्न करत होते की ससा समोर बघेल, माणसासारखा, लेन्सकडे तोंड करून. तो बघायचाच नाही. मी समोर आले की मान फिरवायचा. मला वाटायचं रुसला. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, मागचं आणि डोक्यावरचंसुद्धा. दिसत नाही ते नेमकं नाकासमोरचं. मी कॅमेरा जिथे नेऊन धरायचे तिथेच. तो मान फिरवायचा तो मला बघण्यासाठी! माणूस समोर तोंड केलं की आपल्याकडे बघतो, ससा बाजू केली की बघतो. ही एवढी गोष्ट समजल्यावर मी त्याच्या समोरून उठून बाजूला जाऊन बसले आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा असा फोटो आला की लेकीने फोन करून विचारलं, "हा तूच काढलास?" बाजूचा एकच डोळा, त्यात खिडकीचा चौकोनी ठिपका, आणि बुक्का सरळ तुमच्याकडे बघतोय. तो ठिपका नसला तर काळ्या सशाचा डोळा नुसता खड्डा दिसतो. म्हणून मी आता आधी खिडकी कुठे आहे ते बघते, ससा नंतर.

एक चूक कबूल करते. नेटवर ससा पाठीवर झोपल्याचे गोड फोटो बघून मीही कापसाला उलटा केला. एकदम निपचित पडला, वाटलं किती निवांत आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ती निवांतपणाची नव्हे, भीतीची अवस्था. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यासारखा तो थिजतो. वर झटापट करून मागच्या पायांनी जोरात लाथ मारली तर त्याचाच कणा मोडू शकतो. तो फोटो मी पुसून टाकला.

उजेडाचं गणित. कॅमेऱ्याचा मीटर असं धरून चालतो की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे, १८ टक्के उजेड परत फेकणारं. चौकटीत कापूस भरला की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो आणि कापूस जुन्या बनियनसारखा कळकट येतो. बुक्क्याचं उलट, मीटर उजेड वाढवतो आणि काळा ससा मातकट होतो. म्हणून पांढऱ्याला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवायचा, काळ्याला जवळपास तेवढाच कमी करायचा. ऐकताना उलटं वाटतं, पण डेबिट-क्रेडिट शिकतानाही मला पहिले दोन महिने असंच वाटलं होतं.

दोघं एकत्र असले की कुठलाच आकडा चालत नाही. कापूस सांभाळला तर बुक्का म्हणजे फरशीवरचं भोक. खूप डोकं खाजवल्यावर सोपं उत्तर सापडलं: बुक्क्याला खिडकीजवळ बसवायचं, कापसाला दोन हात आत. बुक्क्यावर उजेड जास्त, कापसावर कमी, निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, नंतर संगणकावर सुधारता येते). पांढऱ्याचे केस दिसतील एवढंच एक्स्पोजर ठेवायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. समोरून थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरला तर आणखी बरं, फक्त तो कुरतडायच्या आत काढून घ्यायचा.

फोकसबद्दल. कॅमेरा जुना, मधला बिंदू भरवशाचा, कडेचे नुसते शोभेला. चेहरा ओळखायची सोय माणसांसाठी आहे, ती सशाला सोडून मागच्या कॅलेंडरवरच्या देवाला पकडते. नवे मिररलेस कॅमेरे प्राण्यांचे डोळे पकडतात म्हणे, पण त्यातही भर असतो कुत्री-मांजरं-पक्ष्यांवर. बुक्क्याच्या अंगावर लेन्स पुढेमागे शोधत राहते, काळ्यात तिला धरायला कडच सापडत नाही. डोळ्यातला तो ठिपका नाहीतर कानाची किनार द्यायची. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, ससा शांत बसला तरी नाक चालूच असतं. पळणारा ससा मात्र या लेन्सचं काम नाही. अंगणात उड्या मारतानाचे शंभर काढले, चार आले, त्यातले दोन शेपटीचे.

एप्रिलमध्ये साताऱ्यातही ऊन मरणाचं होतं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांतून बाहेर टाकतो, आणि तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास होऊ लागतो. दुपारी फोटो बंद, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी. पण ससे मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात, आणि उजेडही तेव्हाच मऊ असतो. सकाळी सातला खिडकीतून तिरकं ऊन आलं की कापसाचे कान मागून पेटतात, गुलाबी, आत शिरांचं जाळं. ज्या शिरांनी तो स्वतःला गार ठेवतो त्याच. नऊ महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता फोटो तो. त्यात डावीकडे उजेडाचा पांढरा ढग आलाय, कारण लेन्सला हूड (बाजूचा उजेड अडवणारी पुढची कडी) नव्हता. मिशांच्या कडेला एफ १.८ ला जांभळी किनारही येते. एफ २.८ ला ती बरीच कमी होते.

पैसे वसूल झाले जूननंतर. आमच्याकडे पाऊस लागला की दिवसा दिवे लावावे लागतात. १८-५५ ची लेन्स ५५ वर एफ ५.६ च्या खाली येत नाही, एफ १.८ म्हणजे तिच्या साडेनऊ पट उजेड. तिथे आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ६४०० लागायचा, इथे ८०० मध्ये भागतं. फ्लॅश मी काढतच नाही. ससा बिथरतो, आणि कापसाचे डोळे भुतासारखे येतात.

माणसांचे फोटो हा वाढीव नफा. जानेवारीत आमच्याच जिल्ह्यातल्या औंधला गेलो होतो, यमाईच्या डोंगरावर. तिथलं भवानी संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलं, रविवर्म्याची चित्रंही आहेत. पूर्वी तिथे मी दागिने आणि साड्या बघायचे. या वेळी प्रत्येक तैलचित्रासमोर उजेड कुठून येतोय ते शोधत उभी. नवरा दोनदा बाहेर जाऊन चहा पिऊन आला.

घरी आल्यावर आत्याबाई खिडकीत मेथी निवडत बसल्या होत्या. म्हटलं, जरा डावीकडे मान करा. "माझं काय काढतीस, त्या काळ्याचं काढ की." पण मान केली. दीड मीटरवरून, एफ २.८. सशाला चार सेंटिमीटरसाठी झगडावं लागतं, इथे साडेनऊ मिळाले, दोन्ही डोळे आले. मोबाइल जवळ न्यावा लागतो म्हणून नाक फुगतं. इथे लांब बसता येतं, म्हणून चेहरा चेहऱ्यासारखा राहतो. त्याची प्रिंट राजवाड्याजवळ काढली ती काळवंडलेली आली. स्टुडिओचा दोष नाही, माझा स्क्रीनच डोळे दिपतील इतका प्रखर होता. तो अर्ध्यावर आणून फाइल परत दिली, दुसरी चांगली आली. ती आता देवघराशेजारी आहे आणि त्या येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतात, "सून काढती."

तक्रारी थोडक्यात. खोलीत घरातले पाच जण मावत नाहीत, गौरी-गणपतीला १८-५५ च लावा. अंग प्लास्टिकचं, पण पडली नाही म्हणून तुटली नाही. झाकणावर बुक्क्याच्या दातांची नक्षी आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, त्यांना काहीतरी कुरतडायला हवंच, कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टाही गेला. फरशीवर लेन्स ठेवून चहाला उठू नका.

सेकंडहँड घेणार असाल तर मागून टॉर्च मारून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसली तर ती बुरशी, उचलू नका. सातारच्या पावसात चांगल्या लेन्सलाही ती धरते. माझी सध्या हवाबंद डब्यात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दाणे निळे होते ते गुलाबी झालेत, म्हणजे या रविवारी तव्यावर मंद आचेवर सुकवायला हवेत. पाऊस उघडला की बुक्क्याचे कान राहिलेत. काळ्या कानातून ऊन दिसतं का, ते अजून बघायचंय.